सोसायटीत लीशशिवाय सोडलेला कुत्रा अंगावर आला: जखम, तक्रार आणि उद्याचं फिरणं

कात्रजकर
सकाळी ९:४०

पुण्यात सहा इमारतींची सोसायटी, मधे पोडियम (सगळ्यांचं सामाईक मोकळं अंगण). एका सदनिकेतला जर्मन शेफर्ड रोज लीशशिवाय खाली आणतात. आज सकाळी सातला तो आमच्या कुत्रीवर धावून आला. आमची गावठी, तीन वर्षांची, १६ किलो, लीशवर होती. लीश नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात. त्याने कुत्रीला मानेमागे धरून दोन-तीनदा हिसडलं. मुलीच्या पोटरीला दाताचा ओरखडा, थोडं रक्त. कुत्रीच्या मानेला दोन बारीक भोकं, रक्त थांबलंय, पाणी प्यायली.

मालकांचं म्हणणं: "तो काही करत नाही, खेळायला आला होता. सगळी इंजेक्शनं झालीत त्याची."

विचारायचं ते असं. जखम साबणाने धुतलीय आणि त्याचं लसीकरण झालंय म्हणतात, तरी मुलीला इंजेक्शनं द्यायची का? एवढ्या बारीक भोकांसाठी कुत्रीला दवाखान्यात न्यावं का? असा कुत्रा येताना दिसला तर नेमकं काय करायचं, आणि एकदा धरल्यावर सोडवायचं कसं? तक्रार कुठे आणि कोणत्या कलमाखाली? सोसायटीत भांडण नकोय, पण हे परत व्हायला नको.

---

पशुवैद्य_वाई
सकाळी ९:५८

आधी मुलीचं, आणि तेही आत्ता. बाकीचे प्रतिसाद रिक्षात बसून वाचा.

"धुतली" म्हणजे किती वेळ? वाहत्या नळाखाली, साबण चोळून, घड्याळ लावून पूर्ण १५ मिनिटं. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो, म्हणजे हे धुणं हाच उपचाराचा पहिला भाग आहे. दोन मिनिटांत आटोपलं असेल तर निघण्याआधी पुन्हा धुवा. त्यावर पोव्हिडोन आयोडीन. हळद, चुना, तिखट, तंबाखू यातलं काहीही नको. घट्ट पट्टी बांधू नका. टाकेही शक्यतो घालत नाहीत; घालावेच लागले तर आधी जखमेत सिरम (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) देऊन मग सैलसर.

रक्त आलेला दाताचा ओरखडा जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तिसऱ्या वर्गात बसतो. तिथे लस आणि सिरम दोन्ही लागतात. बऱ्याच वेळा लस दिली जाते आणि सिरम राहून जातं, म्हणून डॉक्टरांना स्वतःहून विचारा. लसीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो. तेवढे दिवस जखमेतल्या विषाणूला अडवणारं तयार अस्त्र म्हणजे सिरम. घोड्यापासून केलेलं असेल तर वजनाच्या दर किलोला ४० युनिट, माणसापासून केलेलं असेल तर २०. मुलगी २५ किलोची धरली तर अनुक्रमे १००० किंवा ५०० युनिट. पुण्यातल्याच सीरम इन्स्टिट्यूटची मोनोक्लोनल अँटिबॉडी (सिरमचंच काम करणारी, प्रयोगशाळेत बनवलेली) मिळाली तर किलोला ३.३३ युनिट. हे जास्तीत जास्त जखमेत आणि जखमेभोवतीच टोचायचं असतं. दुखतं, पण सगळं दंडात देऊन भागत नाही. आज सिरम मिळालं नाही तर लस आजच सुरू करा. पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत सिरम देता येतं.

लस कातडीत देत असतील (सरकारी रुग्णालयात बहुधा हीच पद्धत) तर ०, ३, ७ आणि २८ या दिवशी, दर वेळी दोन जागी ०.१ मिली. स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४, २८. शून्य दिवस म्हणजे पहिला डोस घेतला तो दिवस. स्नायूतली लस दंडात, अगदी लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला. कुल्ल्यात कधीच नाही, तिथल्या चरबीत ती नीट लागू पडत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही दाखवा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती कोणी घालत असेल तर ती लस वीस वर्षांपूर्वीच बंद झाली.

शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं लसीकरण. तोंडी सांगणं धरू नका. कार्डाचा फोटो घ्या: लसीचा चिकटवलेला लेबल-तुकडा, बॅच क्रमांक, तारीख, पशुवैद्याचा शिक्का. 'सगळी इंजेक्शनं' म्हणजे पुष्कळदा पिल्लूपणीची पाचएक रोगांची एकत्रित लस असते, आणि रेबीजचा वार्षिक डोस दोन वर्षं राहिलेला असतो. कार्ड चोख असलं तरी मुलीचा कोर्स सुरू करायचा आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं. दहाच का, तर कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणं दिसण्याच्या फार तर थोडे दिवस आधी येतो. चावला तेव्हा लाळेत विषाणू असेल तर तो कुत्रा दहा दिवसांत आजारी पडतो किंवा मरतो. दहा दिवसांनंतर तो ठणठणीत असेल तर पुढचे डोस कमी करायचे का ते डॉक्टर ठरवतील, आपण नाही.

आता तुमची कुत्री. तिलाही आजच न्या. भोकं बारीक आहेत ही सुटका नाही. कुत्र्याची कातडी सैल असते. सुळा आत जातो, हिसडा बसतो, कातडी दाताबरोबर सरकते आणि खालचा स्नायू फाटतो. दात निघाला की कातडी जागेवर येते. वरून दोन टिंबं दिसतात आणि आत मळ, केस, लाळ भरलेला कप्पा तयार होतो. दोन ते चार दिवसांत तिथे गळू होतं. दवाखान्यात भोवतीचे केस काढून, सलाईनने आतपर्यंत धुऊन, गरज पडली तर निचऱ्याची नळी ठेवतात. भोकं लगेच शिवून बंद करणं चूक.

मान धरून हिसडलंय म्हणून एक गोष्ट आत्ताच हाताने पाहा. मानेवर आणि खांद्यांवर बोटं हलकेच दाबा. कातडीखाली चुरमुरे दाबल्यासारखं कुरकुर लागलं तर श्वासनलिकेतून हवा बाहेर येतेय, तासभरही थांबू नका. हिरड्या पांढुरक्या पडणं, निवांत बसलेली असूनही मिनिटाला ४० च्या वर श्वास, पोट ताठ होणं, हीसुद्धा तातडीची लक्षणं. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. कुत्र्याच्या यकृताला, मूत्रपिंडाला आणि जठराला ती झेपत नाहीत. तिचं रेबीजचं लसीकरण चालू असलं तरी चाव्यानंतरचा डोस लागतो. नसेल तर पूर्ण कोर्स.

---

लांबदोरी
सकाळी ११:०५

डॉक्टरांनी जखमेचं सांगितलंय, मी कुत्र्यांच्या वागण्याचं आणि सामानाचं सांगतो.

"खेळायला आला होता" हे तपासता येतं. खेळायला येणारा कुत्रा वळणं घेत येतो, अंग सैल, तोंड उघडं, मधेच पुढचे पाय टेकून ढुंगण वर करतो. चावायला येणारा सरळ रेषेत येतो. तोंड मिटलेलं, शेपूट ताठ वर आणि टोकालाच थरथर, आणि पोचण्याआधी क्षणभर गोठल्यासारखा थांबतो. तो थांबा म्हणजे शेवटची सूचना. मानेमागे धरून हिसडणं खेळात बसत नाही. सीसीटीव्हीत हेच शोधा.

लीशवरच्या आणि मोकळ्या कुत्र्याची गाठ बिघडते ती बऱ्याचदा लीशमुळेच. बांधलेल्याला बाजूला सरकता येत नाही, पळता येत नाही. घाबरून आपण लीश आखडतो, त्याची पुढची बाजू उचलली जाते, छाती वर येते, आणि समोरच्याला तो अंगावर यायला तयार दिसतो. म्हणजे नियम पाळणाऱ्याचाच कुत्रा अडचणीत सापडतो. म्हणूनच "माझा कुत्रा प्रेमळ आहे" हे लीश न लावण्याचं कारण होऊ शकत नाही. समोरचा कुत्रा म्हातारा, आजारी, भित्रा असू शकतो, समोरचा माणूसही.

येताना दिसला तर. १५-२० मीटरवर दिसताच वळा, चालत, पळत नाही. उभ्या गाडीच्या किंवा खांबाच्या आड जा. नजरेची रेषा तुटली की अर्धे कुत्रे तिथेच रेंगाळतात. वळायला जागा नसेल तर आपला कुत्रा मागे, आपण मधे, अंग थोडं तिरकं, लीश आखूड धरलेली पण ताणलेली नाही. मग मोठ्याने, जाड आवाजात "सिट!" सोसायटीतल्या बहुतेक पाळीव कुत्र्यांना हा एक शब्द पाठ असतो आणि तो अनोळखी माणसाकडून आला की ते गोंधळून थबकतात. तेवढे दोन सेकंद पुरतात. सोबत खिशातला मूठभर खाऊ त्याच्या नाकावर फेका. हातात नाचवू नका, तोंडावर उधळा, म्हणजे तो जमिनीवर विखुरतो आणि नाक खाली जातं. बटणाने उघडणारी छत्री उत्तम ढाल आहे, पण आधी घरी आपल्या कुत्र्याला तिच्या आवाजाची सवय करा, नाहीतर आपलाच सुटून पळेल.

लहान कुत्र्याला डोक्यावर उचलून धरू नका. हल्लेखोर उडी मारतो आणि चेहरा-हात त्याच्या टप्प्यात येतात. उचलायचंच असेल तर अंगाशी कवटाळून, पाठ फिरवून, गाडीच्या बॉनेटवर किंवा फाटकाच्या पलीकडे ठेवण्यासाठी.

एकदा धरल्यावर. दोन कुत्र्यांच्या तोंडांमधे हात घालायचा नाही, पट्टा धरून ओढायचं नाही. माणसांना सगळ्यात वाईट चावे इथेच बसतात, आणि पुष्कळदा स्वतःच्याच कुत्र्याचे. त्या क्षणी समोर काय आहे ते त्याला दिसत नाही. काठीने मारणं, लाथा, किंचाळणं यांनी पकड घट्ट होते.

दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे दोन्ही पाय मांडीच्या वरच्या बाजूला धरायचे, उचलायचे आणि हातगाडी ओढल्यासारखं अर्धगोल फिरवत मागे न्यायचं. फिरवत राहायचं, थांबलात तर तो वळून चावेल. हे तेव्हाच, जेव्हा ते चावून सोडून पुन्हा चावताहेत. दात रुतवून धरून ठेवलं असेल तर ओढू नका, ओढलं की मांस फाटतं. तेव्हा हल्लेखोराला मागून दोन्ही पायांत घट्ट अडवायचं, लीशचं टोक त्याच्या पट्ट्याखालून ओवून घ्यायचं आणि वर खेचून धरायचं. श्वास अडला की जबडा सैल होतो. सोडल्याबरोबर लीश सैल करून त्याला दूर न्यायचं. बादलीभर पाणी तोंडावर, अंगावर जाड चादर, मधे पत्रा किंवा प्लायवुड सारणं हे सगळं आधी करून पाहावं. वॉचमनच्या केबिनबाहेर एक जुनी चादर आणि लीश कायम टांगून ठेवा, खर्च काही नाही.

सामान. पाच-सहा फुटी साधी लीश, १६ किलोच्या कुत्रीला २० मिमी रुंद नायलॉन किंवा सुती निवार. शेफर्डला २५ मिमी. साखळी नको, झटका बसला की तळहात सोलतो आणि मधे पकडता येत नाही. गुंडाळणारी पाच मीटरची लीश सोसायटीत तर मुळीच नको. कुत्र्याला वेग घ्यायला जागा मिळते, बारीक दोरीने बोटं कापतात, आणि हातातून सुटली की प्लॅस्टिकची मूठ खडखडत मागे येते. त्या आवाजाने कुत्रा आणखी पळतो.

गावठी कुत्र्याची मान जाड आणि डोकं निमुळतं. घाबरून मागे सरकला की पट्टा कानांवरून निघून येतो. कारवान आणि पश्मी या सडपातळ देशी शिकारी जातींचा तर हमखास. त्यांना मार्टिंगेल पट्टा घ्या: ओढ पडली की तेवढ्यापुरता आवळतो, आणि अंतर बरोबर लावलं तर गळा दाबत नाही. साध्या पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन नाही. प्लॅस्टिकच्या क्लिपपेक्षा धातूचं बकल. लीशचा हूक दर आठवड्याला पाहा; पावसाळ्यात आतली स्प्रिंग गंजते आणि कडी अर्धवट मिटलेली राहते. वरून ठीक दिसते, झटक्याला उघडते. अंगठ्याने मागे ओढून सोडा, टक्‌कन मिटली पाहिजे. भित्र्या कुत्र्याला हार्नेस आणि पट्टा दोन्ही, मधे आखूड जोडपट्टी.

आणि लीश मुलांच्या हातात नको. कुत्र्याने जोर लावला तर जो त्याला जागेवर धरू शकतो, त्याच्याच हातात ती असावी. मुलीला धरायचीच असेल तर दुसरी लीश लावा, मुख्य तुमच्याकडे. मनगटाला वेढे घेऊ नका. फास अंगठ्यावर घालून बाकीची मुठीत घ्या.

---

पहाटफेरी
दुपारी १२:२०

सगळं मान्य. पण शेफर्डसारखा कुत्रा पाच फुटांच्या दोरीवर आयुष्य काढेल का? पहाटे साडेपाचला, कोणी नसताना मोकळं सोडणं इतकं चूक आहे का? सतत बांधून ठेवणं हेही क्रौर्यच ना.

---

लांबदोरी
दुपारी १२:४८

सतत बांधणं क्रौर्य आहे, आणि कायद्यानेही आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, कलम ११: आखूड किंवा जड साखळीने वाजवीपेक्षा जास्त वेळ बांधणं, आणि बांधून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं, दोन्ही गुन्हे. पण त्यावर उत्तर पोडियमवर मोकळं सोडणं नाही. साडेपाचला दूधवाला असतो, पेपरवाला असतो, रात्रपाळीहून परतणारे असतात. कोपऱ्यावरून कोण येतंय हे मालकाला कुत्र्याच्या नंतर कळतं.

मधला मार्ग म्हणजे दहा मीटरची लांब दोरी, मोकळ्या मैदानात. ती नेहमी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला, गळ्यातल्या पट्ट्याला कधीही नाही. धावत सुटलेल्या कुत्र्याला दहाव्या मीटरला झटका बसला तर मानेचे मणके दुखावतात. हातात मोजे. दोरी हाताला गुंडाळायची नाही, घड्या करून धरायची.

त्या दोरीवर परत येणं शिकवा. एक नवीन शब्द निवडा, जो आजवर रागावताना वापरलेला नाही. पहिले चार-पाच दिवस घरात: शब्द उच्चारा, एका सेकंदात उकडलेलं चिकन किंवा पनीर. दिवसाला दहा-बारा वेळा. मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये, मग मैदानात दोन मीटरवरून, पाच, दहा. नव्वद टक्के वेळा जमेपर्यंत अंतर वाढवायचं नाही. शब्द एकदाच. तो ऐकत नसताना सहा वेळा ओरडलात तर त्याला शिकवलं ते एवढंच, की सहाव्यांदापर्यंत यायची गरज नाही. आणि आल्यावर दर वेळी लीश लावून घरी नेऊ नका. दहातल्या आठ वेळा खाऊ देऊन परत सोडा, नाहीतर बोलावणं म्हणजे मजा संपली असं तो धरतो.

इतकं करूनही दोरीशिवाय फक्त कुंपण असलेल्या, बंद फाटकाच्या जागेत. समोर मांजर धावली की उत्तम शिकलेला कुत्राही काही सेकंद बहिरा होतो.

आणि थकवायचं म्हणजे फक्त पळवायचं नाही. वीस मिनिटं नाकाने वास घेत हळू चालणं, घरात खाऊ लपवून शोधायला लावणं यांनी शेफर्ड शांत होतो. नुसता चेंडू फेकत राहिलात तर दमतो कमी, चेकाळतो जास्त.

---

दफ्तर
दुपारी १:३५

कायद्याचं. मूळ कलम भारतीय न्याय संहितेचं २९१ (१ जुलै २०२४ आधीचं भारतीय दंड संहितेचं २८९): ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून घ्यायची काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे न घेणं. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "ताब्यातल्या" हा शब्द नीट वाचा. कुत्रा कागदोपत्री कोणाचा, एवढ्यावर ते अडत नाही. त्या वेळी फिरवणारा नोकर किंवा भाचा असला तरी त्याच्यापर्यंत पोचतं. प्रत्यक्ष दुखापत झाली म्हणून न्याय संहितेचं कलम १२५ही लागू शकतं: साधी दुखापत असेल तर सहा महिने किंवा पाच हजार, गंभीर असेल (हाड मोडणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं) तर तीन वर्षं किंवा दहा हजारांपर्यंत.

ही कलमं कागदावरच राहतात असं समजू नका. २०१० साली मुंबईत एका रॉटवायलरने नातेवाइकाला चावल्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये गिरगावच्या दंडाधिकारी न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद दिली. वरळीत २०१८ साली लिफ्टमध्ये हस्की चावला. समोरच्याचं मूल कुत्र्याला घाबरत होतं, थांबा म्हटलं असताना मालकाने कुत्र्याला आत ओढलं होतं. २०२५ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. दोन्हीकडे मालक हजर होता आणि त्याला वेळीच सांगितलं होतं. त्यामुळे आधी कोणी लेखी तक्रार केली असेल तर ती शोधा. 'तो काही करत नाही' या बचावाला तेच उत्तर आहे.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोचशिक्का घ्या. अर्जात वेळ, जागा, कुत्रा लीशवर नव्हता हे वाक्य, त्या वेळी कोणाच्या ताब्यात होता, जखमेचं वर्णन, साक्षीदार. रुग्णालयात केस पेपरवर "पाळीव कुत्र्याचा चावा" असं लिहून घ्या. नुसतं "कुत्रा चावला" लिहिलं की पुढे भटका की पाळीव यावर वाद होतो. कलम २९१ दखलपात्र आहे, म्हणजे गुन्हा नोंदवायला न्यायालयाच्या परवानगीची गरज नाही. नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम १७३(४) नुसार तोच अर्ज टपालाने पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकारी.

सीसीटीव्ही आजच. बऱ्याच सोसायट्यांचं रेकॉर्डिंग १५ ते ३० दिवसांत आपोआप पुसलं जातं. सेक्रेटरींना पत्र द्या: अमुक कॅमेरा, ६:४५ ते ७:१५, जपून ठेवावे व प्रत द्यावी.

तुमच्या कुत्रीच्या जखमांसाठी फौजदारी मार्ग अवघड आहे. प्राण्याला मारणं-जायबंदी करणं याचं न्याय संहितेत कलम ३२५ आहे, पण त्याला हेतू किंवा जाणीव लागते, निष्काळजीपणा पुरत नाही. तिचा खर्च दिवाणी भरपाईतून मागायचा. त्यासाठी बिलं, एक्स-रे, केस काढण्याआधीचे आणि नंतरचे फोटो. वकिलाच्या नोटिशीवर बरीच प्रकरणं मिटतात. मिटलंच तर लेखी मिटवा.

---

सेक्रेटरीकाकू
दुपारी २:५०

दफ्तर यांच्या म्हणण्यात सोसायटीच्या बाजूची भर. कात्रजकर, काही सभासद लगेच "कुत्रीच बंद करा" म्हणतील. ते करू नका, टिकत नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटी पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही, लिफ्ट नाकारू शकत नाही, सरसकट मझलची (तोंडाला बांधायच्या मुसक्याची) सक्तीही करू शकत नाही. पण सार्वजनिक जागेत लीश असावी असं त्याच सूचना सांगतात. कुत्र्याच्या जातीवरूनही भांडू नका. केंद्राने मार्च २०२४ मध्ये कुत्र्यांच्या २३ जातींवर बंदीसाठी काढलेलं परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्येच रद्द केलं. तुमचा मुद्दा शेफर्ड हा नाही, लीश हा आहे.

सर्वसाधारण सभेपुढे ठराव ठेवा. भाषा अशी मोजता येणारी हवी: "घराच्या दारापासून सोसायटीच्या फाटकाबाहेर जाईपर्यंत आणि परत येताना प्रत्येक कुत्रा जास्तीत जास्त सहा फुटांच्या न गुंडाळणाऱ्या लीशवर, १८ वर्षांवरील व्यक्तीच्या हातात असेल. लिफ्टमध्ये आधी कोणी असल्यास विचारून प्रवेश. रेबीज लसीकरणाच्या चालू वर्षाच्या नोंदीची व महापालिकेच्या परवान्याची प्रत कार्यालयात." "योग्य ती काळजी घ्यावी" असलं काही लिहू नका, त्याचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो. दंड समितीने परस्पर लावायचा नाही, नोटीस देऊन सभेपुढे न्यायचा.

चावलेल्या कुत्र्यासाठी मझल मागायचं असेल तर ते त्या मालकाशी लेखी समजुतीने. आणि कोणतं मझल ते लांबदोरी यांनी सांगावं. बाजारातलं कापडी आवळलेलं पाहून जीव कळवळतो.

---

लांबदोरी
दुपारी ३:३०

काकू, अगदी बरोबर. कापडी नळीसारखं मझल दवाखान्यात पाच मिनिटं तपासणीपुरतं. फिरायला नेताना जाळीचंच. कुत्रा घाम गाळून थंड होत नाही, तोंड उघडून धापा टाकून होतो. तोंड बांधलं आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये पळवलं तर उष्माघात होतो. माप घेताना तोंड धापा टाकण्याएवढं उघडं ठेवून घेर मोजा. नाकापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा, जाळी डोळ्यांना लागता कामा नये. पाणी पिता येतं का, तेही घालून पाहा.

पहिल्या दिवशीच बांधलं तर पंजाने ओरबाडून काढतो. जाळीच्या तळाशी घट्ट दही लावा, त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, बक्कल नाही. तीन-चार दिवसांनी बक्कल पाच सेकंद. मग अर्धा मिनिट, मग घरात पाच मिनिटं चालताना. दोन आठवडे लागतात. आणि मझल लावलं म्हणून लीश सुटत नाही. मझल लावलेला ३५ किलोचा शेफर्ड म्हाताऱ्या माणसाला नुसत्या धडकेने पाडू शकतो.

---

ब्रिस्टलकर
दुपारी ४:१०

तुलनेसाठी इथलं. इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात चावाच लागत नाही. कुत्रा इजा करेल अशी वाजवी भीती समोरच्याला वाटली तरी तो 'धोकादायकरीत्या बेताल' ठरतो. २०१४ पासून हे मालकाच्या घरा-अंगणातही लागू आहे. इजा झाली तर पाच वर्षांपर्यंत, मृत्यू झाला तर १४ वर्षांपर्यंत. गळ्यात मालकाचं नाव-पत्ता आणि अंगात चिप दोन्ही सक्तीचे. भीतीचा मुद्दा तिथल्या ठरावात घेता आला तर बघा: "कोणी कुत्रा दूर ठेवा म्हटल्यास लगेच दूर घ्यावा." वरळीच्या लिफ्टमध्ये नेमकं हेच झालं नाही.

---

कात्रजकर
सायंकाळी ६:१५

सगळ्यांचे आभार. मुलीला पहिला डोस आणि सिरम दोन्ही मिळालं. डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे मान दाबून पाहिली, कुरकुर नव्हती, पण आत कप्पा निघाला. धुऊन नळी ठेवलीय. लसीचं कार्ड मिळालं, रेबीजचा शेवटचा डोस १९ महिन्यांपूर्वीचा.

एकच राहिलं. वाद नको म्हणून मालक उद्या कुत्रा गावी शेतावर पाठवतो म्हणताहेत. पाठवू द्यावं का?

---

पशुवैद्य_वाई
सायंकाळी ६:३२

अजिबात नाही. शेतावर तो सुटला, हरवला किंवा मेला तर दहा दिवसांची नोंद संपली, आणि १९ महिन्यांचं कार्ड असताना ती नोंद हवीच. शिवाय तिथे तो मोकळा असेल आणि तिथेही माणसं आहेत.

मालकांकडून दोन ओळी लिहून घ्या: आजची तारीख, दहाव्या दिवसाची तारीख, तोवर कुत्रा घरातच आणि लीशवर, आजारी वाटल्यास त्याच तासाला कळवणार. रोज एकदा खाताना आणि पाणी पितानाचा छोटा व्हिडिओ मागवा. गिळायला त्रास, आवाज बदलणं, लाळ गळणं, जबडा लोंबणं, मागचे पाय लडखडणं, अंधारात जाऊन बसणं किंवा उगाच कशालाही चावणं यातलं एक जरी दिसलं तर कुणीही त्याला हात न लावता खोलीत बंद करायचं, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करायचा आणि मुलीच्या डॉक्टरांना लगेच सांगायचं. त्याला या दहा दिवसांत लस देऊ नका म्हणावं. लसीनंतरची सुस्ती आणि आजाराची सुरुवात यांत गल्लत होते. अकराव्या दिवशी पशुवैद्याकडून तपासून मग राहिलेला डोस.

तुमच्या कुत्रीची नळी साधारण तीन ते पाच दिवसांनी काढतील. तोवर गळ्यात पट्टा नको, हार्नेसवरच फिरवा, आणि मागच्या पायाने खाजवून ती नळी ओढणार नाही यासाठी शंकूच्या आकाराची कॉलर दवाखान्यातूनच मापाने घ्या.

---

कात्रजकर
सायंकाळी ६:५०

लिहून घेतलं. मालक तयार झालेत. दहावा दिवस कॅलेंडरवर मांडला, आणि मुलीचा तिसऱ्या दिवसाचा डोसही.